पगार वाढवण्याआधी तो ठरवा: खाजगी शाळांतील शिक्षक का सोडून जातात

नागपूरच्या बेसा परिसरातील एका शिक्षण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळा राज्य मंडळाशी संलग्न, स्वयंअर्थसहाय्यित, इंग्रजी माध्यमाची, पहिली ते दहावीची. शिक्षक अडतीस, आणि त्यांपैकी अकरा जण गेल्या वर्षभरात सोडून गेले. पगार १४,००० ते २४,००० रुपयांच्या दरम्यान. नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या बाई ऐन ऑक्टोबरमध्ये गेल्या. कार्यकारिणीतील काही सदस्य म्हणतात की रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रे जमा करून घ्यावीत आणि दोन वर्षांचे बंधपत्र लिहून घ्यावे. इतर काहींना निकालावर आधारित बोनस हा उपाय वाटतो. त्यातच विज्ञानाच्या एका बाईंना वर्धा रोडवरच्या एका शाळेने चार हजार रुपये जास्त देऊ केले आहेत. त्यांना थांबवावे का, आणि थांबवायचे तर कसे?

सचिव महोदय, आपण पगाराचा आकडा कळवलात, पण तो आकडा कसा ठरतो, हे आपल्या पत्रात कुठेही आलेले नाही. माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. नागपुरात मुख्याध्यापिका म्हणून काम केल्यानंतर गेली काही वर्षे मी संस्थांना सेवापुस्तिका, वेतन आणि नेमणुका यांबाबत मदत करते आहे. या काळात मी जे पाहिले, त्यावरून ठामपणे सांगते की, शेजारच्या शाळेत जाणारे बहुतेक शिक्षक पगार कमी आहे एवढ्याच कारणाने जात नाहीत. तो पुढच्या वर्षी किती होईल, कुणाच्या मर्जीने होईल आणि मे महिन्यात मिळेल की नाही, हे त्यांना माहीत नसते, म्हणून ते जातात. एका मर्यादेखालचा पगार माणसाला टिकूच देत नाही, हेही तितकेच खरे. त्या मर्यादेबद्दल पुढे लिहिलेच आहे.

गेलेल्या अकरा जणांची आधी नावानिशी वर्गवारी करावी. शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत जिल्हा परिषदेत निवड झालेले, अजनी किंवा वायुसेनानगरच्या केंद्रीय विद्यालयात किंवा नवोदयमध्ये लागलेले शिक्षक जाणारच. त्यांचे अभिनंदन करावे आणि शिक्षक अभियोग्यता चाचणीचा निकाल लागला की आपल्याकडचे कोण जाऊ शकते, याची यादी अगोदरच करून ठेवावी. पतीची बदली रेल्वेतून, वेकोलिमधून (वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी) किंवा बँकेतून झाली म्हणून जाणाऱ्या बाईंनाही आपण थांबवू शकत नाही. गणित आणि विज्ञानाचे काही शिक्षक धरमपेठ-शंकरनगर भागातल्या नीट-जेईईच्या शिकवणी वर्गांकडे जातात. तिथल्या पगाराशी शाळेने स्पर्धा करू नये, पण वर्गांची संध्याकाळ आणि सततची धावपळ नको असणारे चांगले शिक्षकही याच शहरात असतात, हे विसरू नये. एवढे वगळल्यावर दोन गट उरतात: दोन-तीन हजारांसाठी तीन-चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत गेलेले, आणि पहिल्याच वर्षी थकून गेलेले नवखे. आपल्या हातात असलेले काम या दोन गटांपुरते आहे, आणि माझा अंदाज असा की अकरापैकी निम्म्याहून अधिक जण याच दोन गटांत निघतील.

पहिल्या गटाबाबत एक प्रसंग सांगते. एका शाळेत आठ वर्षे नोकरी झालेल्या बाई होत्या, पगार १९,५०० रुपये. जुलैमध्ये त्यांच्याच विषयासाठी, त्यांच्याच पात्रतेच्या, दोन वर्षांचा अनुभव असलेल्या एक नव्या बाई आल्या. जागा तातडीने भरायची होती, म्हणून संस्थेने त्यांना २२,००० रुपये मान्य केले. भविष्य निर्वाह निधीची यादी कार्यालयातल्या टेबलावर उघडी राहिली होती, ती जुन्या बाईंच्या नजरेस पडली. त्या कुणाशी भांडल्या नाहीत. वर्षभर पूर्वीसारखेच नीट शिकवले, निकाल लावला आणि मे महिन्यात राजीनामा दिला. जाताना झालेल्या बोलण्यात अडीच हजारांचा उल्लेख त्यांनी एकदाच केला. मात्र आठ वर्षांत आपण काही मागितले नाही म्हणूनच मिळाले नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. नव्याला बाजारभावाने आणि जुन्याला त्याच्या स्वभावानुसार पगार देण्याची ही पद्धत नागपुरातल्या मध्यम शुल्काच्या शाळांत सर्रास आढळते. जो गप्प राहतो त्याचे नुकसान होते, आणि शाळा चालते ती बहुधा अशाच गप्प राहणाऱ्या माणसांवर.

म्हणून पहिले काम असे की, एका कागदावर वेतनपट तयार करावा आणि तो शिक्षक-कक्षात लावावा. पात्रता आणि शिकवण्याचा टप्पा यांनुसार सुरुवातीचा पगार किती, वार्षिक वेतनवाढ किती टक्के, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी अधिकचे काय, पर्यवेक्षक किंवा विभागप्रमुख झाल्यास वेगळा भत्ता किती, आणि बाहेरचा अनुभव किती वर्षांपर्यंत धरला जाईल, एवढे त्यात असले तरी पुरे. उदाहरणादाखल, प्राथमिकसाठी १८,००० रुपयांपासून सुरुवात आणि दरवर्षी ५ टक्के वाढ ठेवली, तर दहा वेतनवाढींनंतर पगार सुमारे २९,३०० रुपये होतो. हा आकडा मोठा नाही, पण शिक्षिकेला तो आज दिसतो, आणि घराच्या कर्जाचा हप्ता बसेल की नाही हे तिला ठरवता येते. वेतनपट लागू करताना पहिल्याच वर्षी जुन्यांचा पगार नव्यांच्या खाली राहिलेला असेल, तिथे तो वर आणावा. आधी सगळ्यांना सारखी वाढ देऊन मग ही विषमता दुरुस्त करू, असे म्हणणाऱ्या संस्था दुसरी पायरी कधीच चढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरे काम दिनदर्शिकेचे. पगार कोणत्या तारखेला होतो, हे शिक्षकांना विचारून पाहा. शुल्क जमा झाल्यावर, असे उत्तर आले तर आपण शिक्षकांकडून बिनव्याजी कर्ज घेत आहात असे समजा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पूर्ण रक्कम, बँक खात्यातच जमा झाली पाहिजे. काही संस्थांत खात्यात पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत घेतला जातो. आपल्याकडे असे होत नसेल असे मी गृहीत धरते. होत असेल तर पुढचे काही वाचण्याआधी ते बंद करावे, कारण ज्या शिक्षिकेला महिन्यातून एकदा लिफाफा घेऊन कार्यालयात जावे लागते, तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष तीव्र आहे. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. एप्रिलअखेर कार्यमुक्त करून जूनअखेर पुन्हा नेमणूक दिली, तर संस्थेचे दोन पगार वाचतात, आणि अनेक संस्था तेवढाच हिशेब करतात. पण दोन महिने पगाराविना घरी बसलेली शिक्षिका याच काळात दुसरीकडे मुलाखती देते. तिला तसे करण्याची वेळ आपणच आणलेली असते. त्यातही एप्रिलच्या उन्हात प्रवेशासाठी घरोघरी पत्रके घेऊन फिरायला तिलाच पाठवले जाते, म्हणजे काम पूर्ण वर्षाचे आणि पगार दहा महिन्यांचा. बारा महिन्यांचा पगार द्यावा. एकदम शक्य नसेल तर ज्यांची दोन वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, पण किती वर्षांत सर्वांना मिळेल, हे लिहून द्यावे.

आता कायद्याची बाजू, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली अनुदान मिळो वा न मिळो, खाजगी शाळांना लागू आहे, आणि त्यात नेमणूक, सेवापुस्तिका, रजा, राजीनामा यांच्याबरोबर वेतनश्रेणीही येतात. सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून आणि बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. आपला सर्वांत ज्येष्ठ शिक्षकही या रेषेच्या खाली आहे. मी वर दिलेला १८,००० रुपयांचा वेतनपट हा कायद्याला पर्याय नव्हे. आज आहात तिथून वेतनश्रेणीपर्यंत जाण्याची ती पहिली पायरी आहे, आणि पुढच्या पायऱ्यांची वर्षेही त्याच कागदावर असायला हवीत. एखाद्या शिक्षिकेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली, तर परवडत नव्हते एवढे उत्तर तिथे पुरत नाही.

परवडत का नाही, हे मात्र आकड्यांत मांडून पाहिलेच पाहिजे, नाहीतर चर्चा हवेत राहते. चाळीस मुलांची एक तुकडी घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के तरतुदीनुसार त्यांतली दहा मुले विनाशुल्क आहेत असे धरा. उरलेल्या तिसांचे वार्षिक शुल्क ३०,००० रुपये असेल तर ९ लाख जमा होतात. शासनाकडून प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरलेली आहे, म्हणजे दहा मुलांचे १,७६,७०० रुपये, आणि ती रक्कम वेळेवर येत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. एकूण सुमारे १०.७५ लाख. एका तुकडीमागे सरासरी दीड शिक्षक लागतो. प्राथमिकच्या वेतनश्रेणीत सुरुवातीचे मूळ वेतन, त्याच्या निम्म्याहून अधिक झालेला महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता धरला तर एका शिक्षकाचा महिन्याचा खर्च ५०,००० रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे वर्षाला ६ लाख, आणि दीड शिक्षकांचे ९ लाख. उरलेल्या पावणेदोन लाखांत इमारत, वीज, शिपाई, लिपिक आणि प्रयोगशाळा बसत नाही. म्हणजे या शुल्कात पूर्ण वेतनश्रेणी एकाच वर्षात देता येणार नाही, हे आपले म्हणणे खोटे नाही. पण हाच हिशेब आपल्या आजच्या पगारांना लावून पाहा. सरासरी १९,००० रुपये धरले तर दीड शिक्षकांचे वर्षाचे ३.४२ लाख होतात, म्हणजे तुकडीच्या जमेच्या जेमतेम एक तृतीयांश. नऊ लाख आणि साडेतीन लाख यांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि आपली संस्था त्या जागेत नेमकी कुठे उभी राहू शकते, हे कार्यकारिणीने जमाखर्चाचे पुस्तक उघडून ठरवायला हवे. उत्पन्नाचा किती हिस्सा शिक्षकांच्या वेतनावर जाईल, याचा ठराव संमत करून घ्यावा. माझ्या मते तो निम्म्याच्या खाली असू नये.

शुल्कवाढीची भीती संस्थाचालकांना वाटते, ती स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावा लागतो आणि एकदा मान्य झालेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. शुल्क ठरवताना ज्या बाबी विचारात घ्यायच्या, त्यांत पात्र शिक्षक आणि त्यांचे वेतन यांचा कायद्यातच समावेश आहे. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत संगणक कक्ष, सीसीटीव्ही आणि वातानुकूलन यांची पाने भरलेली असतात आणि वेतनाची एकच ओळ असते. आपण उलट करून पाहावे. गेल्या वर्षी कोणत्या इयत्तेत किती शिक्षक बदलले, त्यामुळे मुलांचे काय झाले आणि वाढीव शुल्कातला किती भाग वेतनपटात जाईल, हे पालकांसमोर उघडपणे ठेवावे. मुलीला वर्षात तीन वर्गशिक्षिका बदलून मिळाल्याची तक्रार जे पालक आज आपल्याकडे करतात, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

निकालावर आधारित बोनसबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, पण त्यामागची माहितीही सांगते. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत मुलांच्या प्रगतीशी जोडलेला बोनस देऊन मोठा प्रयोग झाला होता. त्यात दोन वर्षांनी मुलांचे गणित आणि भाषा दोन्ही सुधारल्याचे आढळले, आणि हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तिथे चाचण्या बाहेरच्या यंत्रणेने घेतल्या होत्या आणि मूल आधी कुठे होते, हे मोजून त्यापुढची प्रगती धरली होती. आपल्याकडे पेपर शाळेचाच, तपासणारी तीच शिक्षिका आणि बोनस ठरवणारे सचिव, अशी रचना असेल तर वाढतील ते फक्त गुण. शिवाय दहावीच्या निकालाचे श्रेय दहावीच्या शिक्षिकेला देताना सातवीत अपूर्णांक पक्के करून घेणाऱ्या बाईंना आपण काहीच देत नाही, हे त्यांना कळल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या बाजूने, नुसता पगार वाढवला की शिकवणे आपोआप सुधारते, असेही नाही. इंडोनेशियात शासनाने प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले. त्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की शिक्षकांचे समाधान वाढले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. मी याचा अर्थ असा घेते की, पुरेसा पगार शिक्षकाला चिंतामुक्त करतो आणि शाळेत टिकवतो. शिकवण्याची उमेद मात्र शाळेतल्या रोजच्या कामातून येते किंवा तिथेच मरते. टिकून राहणे हेही कमी महत्त्वाचे नाही. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या इयत्तेत शिक्षक जास्त बदलले, तिथे ज्यांचे शिक्षक बदलले नव्हते त्या मुलांचेही गुण घसरले. गेलेल्यांचे तास, नव्यांना समजावून सांगणे, पालकांना तोंड देणे, हे सारे राहिलेल्यांवरच येते. आपल्या शाळेत अकरा जण गेले, याचा अर्थ सत्तावीस जणांनी वर्षभर अकरा जणांचे ओझे या ना त्या रूपाने वाहिले. पुढच्या वर्षी कोण जाईल, हे त्या सत्तावीस जणांकडे पाहून ठरवा.

रोजच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पहिल्या वर्षी सोडणारे नवखे इथेच गळतात. एका शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिकेसोबत बसून मी तिच्या एका सोमवारची नोंद केली होती. आठ तासिकांपैकी सहा तिच्या. मोकळ्या दोनपैकी एक गैरहजर शिक्षिकेच्या जागी बदली तास म्हणून गेली. दुसऱ्या तासिकेत ती कार्यालयात बसून मुलांचे आधार क्रमांक आणि अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक) यू-डायस प्लस या शासकीय पोर्टलवर भरत होती. संकेतस्थळ दोनदा बंद पडले. मधल्या सुट्टीत ती जिन्याजवळ देखरेखीला उभी होती, डबा तिने पुढच्या तासाच्या आधी चार मिनिटांत संपवला. शाळा सुटल्यावर बस क्रमांक तीनची मुले मोजून चढवली. त्रेचाळीस वह्या पिशवीत भरून गाडीच्या हुकाला अडकवल्या आणि ती मानेवाड्याला निघाली. रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकाने विचारले की गृहपाठ कोणत्या पानावरचा आहे, आणि पंधरा मिनिटांत उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्याने तोच प्रश्न मुख्याध्यापिकेला पाठवला. या दिवसात पुढच्या दिवसाचा पाठ तयार करण्यासाठी एक मिनिटही नव्हते. अशा शिक्षिकेला शनिवारी दुपारी प्रेरणेवरच्या व्याख्यानाला बसवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

यातले बरेच काही पैसे न घालता बदलता येते. प्रत्येक शिक्षकाची दिवसातली किमान एक मोकळी तासिका वेळापत्रकात राखीव म्हणून दाखवावी आणि आणीबाणीशिवाय तिला हात लावू नये. पोर्टलवरच्या नोंदी, बसच्या याद्या आणि शुल्काचे स्मरण ही लिपिकाची कामे आहेत. दहा-बारा हजारांवर एक अर्धवेळ लिपिक नेमला तर अडतीस शिक्षकांचा वेळ मोकळा होतो, आणि माझ्या पाहण्यात शाळेने केलेला यापेक्षा फलदायी खर्च दुसरा नाही. पालकांशी संपर्काची वेळ ठरवावी, गटावर फक्त शाळेने सूचना टाकाव्यात, आणि संध्याकाळी सहानंतर शिक्षकांनी उत्तर देणे अपेक्षित नाही, हे मुख्याध्यापिकेने पालकसभेत स्वतः सांगावे. नव्या शिक्षकाला पहिल्या सत्रात दोन तासिका कमी द्याव्यात आणि एका ज्येष्ठ शिक्षकाकडे सोपवावे; त्या ज्येष्ठाला भत्ता द्यावा, तो पाचशे रुपये असला तरी चालेल.

आणि पर्यवेक्षकांचे वागणे पाहावे. शिक्षक सोडून जाताना संस्थेचे नाव घेतात, पण बोलू दिले तर बहुतेक वेळा एका व्यक्तीपाशी येऊन थांबतात. मुलांसमोर शिक्षिकेची चूक काढणे, पालकाने आवाज चढवताच शिक्षिकेला माफी मागायला लावणे, आजारी मुलासाठी मागितलेल्या रजेवर प्रश्नांची सरबत्ती करणे, या गोष्टी पगारपत्रकात दिसत नाहीत. सोडून गेलेल्या अकरा जणांपैकी ज्यांच्याशी संबंध बरे आहेत, अशा चार-पाच जणांना संस्थेबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीने फोन करावा आणि एवढेच विचारावे की कोणत्या दिवशी त्यांनी जाण्याचे ठरवले. तो दिवस त्यांना आठवतो.

मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. ती कागदपत्रे शिक्षकाची मालमत्ता आहे. पडताळणी करून साक्षांकित प्रती ठेवाव्यात आणि मूळ प्रती त्याच दिवशी परत द्याव्यात. पहिल्या महिन्याचा पगार अनामत म्हणून अडकवून ठेवण्याची प्रथाही तितकीच गैर आहे. अचानक जाणाऱ्यांविरुद्ध संस्थेला संरक्षण हवे असेल तर ते नियमावलीतच आहे: कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची पूर्वसूचना द्यायची असते, आणि लवकर जायचे असल्यास तेवढ्या काळाचे वेतन भरून जाता येते. पण हे संरक्षण मिळते ते रीतसर नेमणूक आदेश, सेवापुस्तिका आणि कायम केल्याचे पत्र देणाऱ्या संस्थेला. दरवर्षी जूनमध्ये नव्याने हंगामी आदेश देणाऱ्या संस्थेने शिक्षकाकडून तीन महिन्यांची अपेक्षा करू नये. तुम्ही त्याला कायम केलेले नाही, मग तो तुमच्याकडे कायम का राहील?

टिकण्याचे बक्षीस द्यायचेच असेल तर कायद्याने ते दिलेलेच आहे, फक्त ते शिक्षकांना दाखवले जात नाही. शिक्षकांना उपदान (ग्रॅच्युइटी) देय आहे, याबाबतची २००९ ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये वैध ठरवली, आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. पाच वर्षे सलग सेवा झालेल्या नियमित शिक्षकाला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीस दिवसांचा महिना धरून, मिळते. शेवटचे वेतन २६,००० रुपये असेल आणि दहा वर्षे झाली असतील तर ही रक्कम दीड लाख रुपये होते. आपल्याकडे वीसहून अधिक कर्मचारी असल्याने भविष्य निर्वाह निधीही लागू आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक शिक्षकाच्या हाती एक पान द्यावे: आजचा पगार, पुढच्या वर्षीचा पगार, निधीत जमा रक्कम, आजपर्यंतचे उपदान, शिल्लक रजा. शेजारची शाळा दोन हजार जास्त देते म्हणते तेव्हा शिक्षिका या पानाकडे पाहून विचार करते. असे पान नसेल तर तुलना फक्त दोन हजारांचीच राहते.

खर्चाबाबत कार्यकारिणी अडून बसेल, म्हणून ऑक्टोबरमध्ये गेलेल्या गणिताच्या बाईंचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा. समजा त्यांना २३,००० रुपये मिळत होते आणि त्यांच्या जागी आलेल्यांना, सत्राच्या मध्यावर कुणी मिळेना म्हणून, २८,००० रुपये द्यावे लागले. एप्रिलपर्यंतचा फरक ३०,००० रुपये. मधल्या काळातले बदली तास, दहावीसाठी घ्यावे लागलेले जादा वर्ग आणि जाहिरात वेगळी. त्या वर्गातल्या किंवा खालच्या वर्गातल्या तीन पालकांनी उन्हाळ्यात शाळा सोडल्याचा दाखला नेला असेल, तर ३०,००० रुपये शुल्काने वर्षाला ९०,००० रुपये गेले, आणि सातवीतले मूल गेले असेल तर ते नुकसान पुढची तीन वर्षे चालू राहते. बाईंना महिन्याला तीन हजार जास्त दिले असते तर वर्षाला ३६,००० रुपये लागले असते.

आता विज्ञानाच्या बाईंबद्दल. त्यांनी देकार दाखवला म्हणून घाईने चार हजार वाढवू नका. तसे केले तर आठवड्याभरात सर्वांना कळेल की या शाळेत पगार वाढवायचा असेल तर दुसरीकडचे पत्र आणावे लागते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये अशी दहा पत्रे आपल्या टेबलावर असतील. त्याऐवजी या महिन्यातच कार्यकारिणीची बैठक घेऊन वेतनपट मंजूर करावा, त्यात त्यांच्या पात्रतेने आणि सेवेने त्यांचा पगार किती होतो ते काढावे, आणि त्यांच्याबरोबरच त्याच स्थितीतल्या इतर सर्वांना तो त्याच तारखेपासून लेखी कळवावा. मग मुख्याध्यापिकेने त्यांना बोलावून वेतनपट समोर ठेवावा, त्यांचे तास आणि प्रयोगशाळेची अवस्था याबद्दल विचारावे आणि निर्णयासाठी आठ दिवस द्यावेत. फरक दीड-दोन हजारांवर आला तर त्या राहण्याची शक्यता बरीच आहे, कारण बेसाहून वर्धा रोडवर रोज जाण्या-येण्याचा खर्च आणि नव्या शाळेत पुन्हा परिवीक्षेवर सुरुवात, हे त्यांनीही मोजलेले असेल. तरीही त्या जायचे म्हणाल्या तर सत्र संपल्यावर जाण्याची विनंती करावी, अनुभव प्रमाणपत्र आणि सर्व देणी शेवटच्या दिवशीच द्यावीत, आणि त्यांच्या जागेची जाहिरात नव्या वेतनपटाच्या आकड्यानेच काढावी.